अद्ययावतरावांचं पंचांग

ऑक्टोबर महिन्यातल्या एका गुरुवारी, आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असताना, स्टॉकहोममध्ये स्वीडिश अकादमीचं दार उघडतं आणि आतून आलेले गृहस्थ एक नाव वाचून दाखवतात. चार वाजून एकोणतीस मिनिटांपर्यंत ते नाव आपल्या गावात फारसं कुणी ऐकलेलं नसतं. चार पस्तीसला साहित्यप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला अभिप्राय येतो, ‘फार उशीर केला. दहा वर्षांपूर्वीच द्यायला हवं होतं.’ चार चाळीसला दुसरा, ‘त्यांचं सुरुवातीचं लेखन जास्त सकस होतं.’ पाच वाजेपर्यंत गाडी ‘आपल्या मराठीला कधी?’ या स्थानकावर येऊन उभी राहते. सहाच्या सुमारास कुणीतरी डाळिंबाच्या सालीचे औषधी उपयोग पाठवतं आणि जागतिक साहित्य त्या दिवसापुरतं संपतं.

२०२५ साली ते नाव लास्लो क्रास्नाहोरकाई असं होतं. त्याचा उच्चार कसा करायचा यावर गटात तीन तट पडले. हे हंगेरियन लेखक पानंच्या पानं पूर्णविराम न देता लिहितात, यावर मात्र एकमत होतं. ते वाचून कुणी दचकलं नाही. पूर्णविरामाविना तासभर चालणारी अध्यक्षीय भाषणं ऐकून मराठी रसिकाची तयारी चांगली झालेली असते. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, हाच मान दक्षिण कोरियाच्या हान कांग यांना मिळाला होता. त्यांच्या गाजलेल्या कादंबरीचं इंग्रजी नाव ‘द व्हेजिटेरियन’ आहे हे कळताच आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांनी ती बातमी शाकाहार प्रसाराच्या गटात मोठ्या अभिमानाने पुढे धाडली. त्या कादंबरीत मांस सोडणाऱ्या बाईचं पुढे जे काही होतं, ते पाहता प्रसारकांनी ती वाचली नाही हे शाकाहाराच्या दृष्टीने बरंच झालं.

या गृहस्थांना मी मनातल्या मनात अद्ययावतराव म्हणतो. लेखकाचा लेखकराव का होतो, असं भालचंद्र नेमाड्यांनी फार पूर्वी विचारून ठेवलं आहे. वाचकाचा अद्ययावतराव का होतो, हे विचारायचं मात्र सगळ्यांकडूनच राहून गेलं.

अद्ययावतरावांना साहित्यातलं काय ठाऊक नसतं ते विचारा. कुणाची कादंबरी कुठल्या प्रकाशकाकडून कुठल्या प्रकाशकाकडे गेली, का गेली, मुखपृष्ठ कुणाचं, प्रकाशनपूर्व सवलत किती, अर्पणपत्रिकेत कुणाचं नाव अपेक्षित होतं आणि कुणाचं आलं, निवड समितीत कोण होतं आणि त्यातला कोण कोणाचा विद्यार्थी, हे सगळं त्यांच्या जिभेवर असतं. शनिवारी ‘लोकसत्ता’तलं ‘बुकमार्क’, रविवारी झाडून साऱ्या पुरवण्या, महिन्याला ‘ललित’, आणि रोज रात्री जेवण झाल्यावर कुणा ना कुणा लेखकाची मुलाखत. आता एवढं सगळं करून माणसाकडे पुस्तक वाचायला वेळ उरावा, अशी अपेक्षा करणं हा शुद्ध अन्याय आहे.

न वाचता बोलण्याची एक शैली त्यांनी कमावली आहे. ‘भाषा वेगळी आहे’, ‘शेवट जरा गुंडाळल्यासारखा वाटतो’, ‘अनुभव अस्सल, पण आवाका कमी’ ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चालतात. यांतलं सर्वांत भरवशाचं वाक्य म्हणजे ‘संपादनाची गरज होती.’ मराठी पुस्तकाबद्दल हे वाक्य पुस्तक न उघडता म्हणता येतं आणि ते नेहमी खरं निघतं.

२०२३ च्या डिसेंबरात कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, त्या संध्याकाळी मी अद्ययावतरावांकडे होतो. त्यांनी एका दमात ‘गावठाण’, ‘रौंदाळा’, ‘झड-झिंबड’, ‘धूळमाती’ अशी खोतांची आधीची पुस्तकं म्हणून दाखवली. लेखक पन्हाळ्याच्या बाजूचे, हे सांगितलं. पुरस्कार म्हणजे एक लाख रुपये आणि ताम्रपट, हे सांगितलं. ग्रामीण कादंबरीचं पुढे काय होणार, याची चिंता केली. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘त्या म्हशींची ना? वाचली मी. लायब्ररीतून आणली होती. धरणासाठी गाव उठतं, माणसं निघून जातात आणि जनावरं मागे राहतात. दोन रात्री झोप नाही लागली मला.’’

खोलीत शांतता पसरली. कादंबरीविषयी सगळं माहीत असलेल्या माणसाला कादंबरीत म्हैस आहे हे माहीत नव्हतं. वहिनींना त्या कादंबरीला पुरस्कार मिळाल्याचं माहीत नव्हतं. एकाच छपराखाली मराठी साहित्याचे हे दोन प्रवाह सुखाने नांदत होते.

अद्ययावतरावांचं एक स्वतंत्र पंचांग असतं. त्यात तिथी, वार, नक्षत्र यांऐवजी संमेलन, पुरस्कार आणि वाद असतात. वर्षाची सुरुवात संमेलनाने होते. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ साली दुसरी ठरली तेव्हा रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण दिलं, आणि जोतीरावांनी नकार कळवणारं खरमरीत पत्र धाडलं. त्या सभेत कोण काय बोललं हे आज अभ्यासकांनाही शोधावं लागतं. न आलेल्या माणसाचं पत्र मात्र सगळ्यांना आठवतं. साहित्यापेक्षा साहित्याचा वाद जास्त टिकतो, हा धडा मराठी वृत्तसृष्टीने तेव्हाच गिरवला असावा. ९८ वं संमेलन २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीत झालं. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असताना ते तिथे भरलं होतं, त्यानंतर थेट एकाहत्तर वर्षांनी. अध्यक्ष होत्या तारा भवाळकर, लोकसाहित्यात आयुष्य घालवलेल्या विदुषी. महिनाभर अद्ययावतरावांना व्यासपीठावर कोण कुठल्या खुर्चीवर बसणार, रेल्वेची व्यवस्था काय आणि राजधानीत पिठलं-भाकरी मिळणार की नाही, याची खडान्खडा खबर होती. भवाळकरांचं ‘सीतायन’ वाचलंत का, असं विचारलं तर ते म्हणाले, ‘‘संमेलन होऊन जाऊ दे, मग निवांत वाचू.’’ संमेलन झालं. मग पुढच्या संमेलनाच्या, म्हणजे साताऱ्याच्या अध्यक्षपदाच्या बातम्या सुरू झाल्या. निवांतपणा काही आला नाही.

फेब्रुवारीची २७ तारीख कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाची, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाची. त्या दिवशी अद्ययावतराव इंग्रजी शब्द न वापरण्याचा संकल्प सोडतात आणि दुपारी तो व्हॉट्सॲपवर सगळ्यांना ‘फॉरवर्ड’ करतात. राज्य सरकारच्या वाङ्मय पुरस्कारांकडेही त्यांचं बारीक लक्ष असतं. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने अनघा लेले यांनी केलेल्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. त्याच्या निषेधार्थ राजीनामे आले, पुरस्कार परत केले गेले, आणि एरवी कोबाड गांधींच्या तुरुंगवासाच्या आठवणींच्या वाटेला न जाणारे लोक दुकानात जाऊन ते पुस्तक मागू लागले. पुरस्कार देऊन खप वाढवणं सरकारला कधी जमलं नव्हतं. काढून घेऊन जमलं.

मे महिन्यात आंतरराष्ट्रीय बुकर येतं. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या इंग्रजी अनुवादाला ते मिळालं तेव्हा आपण ‘हिंदीचं काय, मोठी भाषा आहे’ म्हणून मन समजावलं. २०२५ साली ते कन्नडच्या बानू मुश्ताक यांना मिळालं तेव्हा समजावणं अवघड झालं. सीमेच्या नेमकं पलीकडे पडलं! ‘मराठीला कधी?’ हा प्रश्न आठवडाभर सर्वत्र विचारला गेला. या पारितोषिकाचे पन्नास हजार पौंड मूळ लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. म्हणजे दीपा भास्ती या अनुवादिकेला बानू मुश्ताक यांच्याइतकीच रक्कम मिळाली. आपल्याकडे अनुवादकाचं नाव कधीकधी मुखपृष्ठावर शोधावं लागतं. ‘कोसला’चा इंग्रजी अनुवाद कुणी केला, ‘बलुतं’ इंग्रजीत कुणी नेलं, असं मी गटावर विचारून पाहिलं. सुधाकर मराठे आणि जेरी पिंटो ही उत्तरं यायला हवी होती. त्याऐवजी दोघांनी मला अंगठा दाखवला आणि एकाने हात जोडले.

पावसाळ्यात प्रकाशन समारंभांना बहर येतो. मराठी पुस्तकाचं प्रकाशन हा बघण्यासारखा विधी आहे. पाच पुस्तकं रंगीत कागदात बांधून, वर फीत लावून तबकात येतात. फितीची गाठ सुटत नाही. निवेदिका ‘हा क्षण कॅमेऱ्यात टिपण्यासाठी’ असं म्हणत वेळ मारून नेते, शेवटी प्रमुख पाहुणे कागद टराटरा फाडतात आणि पाचही मान्यवर पुस्तक छातीशी उभं धरतात. एकाचं हमखास उलटं असतं. मग अध्यक्ष सांगतात की पुस्तक हाती कालच पडल्यामुळे त्यावर सविस्तर बोलता येणार नाही, आणि लेखकाशी असलेल्या स्नेहावर पाऊण तास सविस्तर बोलतात. लेखकाचे नातेवाईक पुढच्या रांगेत, इतर लेखक मागच्या रांगेत, आणि ज्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन पुढच्या रविवारी आहे ते दाराशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्रिका देत असतात. बाहेर टेबलावर पुस्तक वीस टक्के सवलतीत मिळतं. शेजारच्या टेबलावर बटाटेवडा फुकट मिळतो. रांग कुठे लागते ते सांगायला नको.

समारंभ झाला की तीन आठवड्यांत ‘दुसरी आवृत्ती बाजारात’ अशी जाहिरात येते. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती खपायला पूर्वी वर्षानुवर्षं लागत. आता मागणीनुसार छपाईचं यंत्र आलं आणि तीनशे प्रतींचीही आवृत्ती निघू लागली. त्यामुळे आवृत्त्या वाढल्या. वाचकही त्याच प्रमाणात वाढले असतील, असं समजण्याचा मोह मात्र होतो.

दिवाळीत अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना कल्पनाही नसेल की पुढे शेकड्यांनी अंक निघतील आणि त्यांच्या अनुक्रमणिका हाच एक वाङ्मयप्रकार होऊन बसेल. ऑक्टोबरपासून प्रत्येक लेखक आपलं नाव असलेली अनुक्रमणिका समाजमाध्यमावर लावतो आणि नावाभोवती लाल वर्तुळ काढतो. अद्ययावतराव अंकांचा गठ्ठा विकत घेतात, चकलीच्या ताटलीशेजारी ठेवून त्याचा फोटो काढतात आणि खाली ‘फराळ सुरू!’ असं लिहितात. त्यातली चकली तरी त्याच दिवशी संपते.

मग डिसेंबर. साहित्य अकादमी, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावरचा पुणे पुस्तक महोत्सव, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांच्या ‘वर्षातली सर्वोत्तम पुस्तकं’ अशा याद्या. अकादमीचा २०२० चा पुरस्कार नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीला जाहीर झाला, आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. आपण पुरस्कार घेणं आधीच बंद केलं आहे, असं त्यांनी कळवलं. तो दिवस अद्ययावतरावांना फार जड गेला. अभिनंदनाचा मजकूर सकाळीच टाकून झाला होता. तो काढावा की नाकारल्याबद्दल पुन्हा अभिनंदन करावं, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही अभिनंदनं ठेवली.

आता मुलाखती. लेखकाने फक्त लिहायचं, अशी एके काळी समजूत होती. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभासमारंभांपासून दूर राहिले, गॉगलआडून जगाकडे बघत राहिले आणि स्नेह जो काही करायचा तो पत्रांतून केला. ‘काजळमाया’च्या साहित्य अकादमी पुरस्कारावर वाद झाला तेव्हा त्यांनी पुरस्कारही परत करून टाकला. असा लेखक आज एखाद्या प्रकाशकाच्या प्रसिद्धी विभागाच्या हाती सापडला तर काय होईल, या विचाराने अंगावर काटा येतो. ‘सर, नुसता गॉगल लावून समुद्राकडे बघा, तीस सेकंदांची रील करू,’ असं कुणीतरी नक्की म्हणेल.

मुंबई दूरदर्शनवर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ लागायचा तेव्हा लेखक दिसणं हीच अपूर्वाई होती. आता लेखक दोन तास चाळीस मिनिटं दिसतो. समोर भलामोठा मायक्रोफोन, मागे पुस्तकांचं कपाट, कपाटात एक पितळी घोडा. मुलाखतकाराने पुस्तक वाचलेलं नसतं, हे लेखकाला ठाऊक असतं; लेखकाला ते ठाऊक आहे, हे मुलाखतकाराला ठाऊक असतं. या सामंजस्यावर सगळा डोलारा उभा. ‘लिहायची सुरुवात कशी झाली?’ आजीच्या गोष्टींपासून. ‘लेखनाची प्रक्रिया काय?’ पहाटे उठतो. ‘आजची पिढी वाचते का?’ वाचते, पण वेगळ्या पद्धतीने. शेवटी झटपट प्रश्न, ‘पुलं की जीए? चहा की कॉफी? कथा की कादंबरी?’ लेखक ‘चहा’ एवढंच उत्तर ठामपणे देतो. हे सगळं अद्ययावतराव दीडपट वेगाने ऐकतात. त्यामुळे मराठीतले सगळे प्रतिभावंत अत्यंत घाईत असतात असा त्यांचा समज झाला आहे. २०२४ चं बुकर मिळालेली समंथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’ ही कादंबरी जेमतेम १३६ पानांची. तिच्याविषयीच्या मुलाखती, चर्चा आणि ‘दहा मिनिटांत ऑर्बिटल’ छापाचे व्हिडिओ पाहण्यात त्यांनी जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात ती दोनदा वाचून झाली असती, आणि मध्ये डुलकीही काढता आली असती.

साहित्यिक खबरबात ही मुळातच टाकाऊ गोष्ट आहे, असं कुणी समजू नये. ‘ललित’ मासिक १९६४ साली निघालं आणि त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने सदर लिहू लागले. लेखकांच्या सवयी, हेवेदावे, मानपान, संमेलनातल्या खुर्च्या, सगळ्यांची त्यांनी रेवडी उडवली, आणि वसंत सरवट्यांनी त्याला चित्रं काढली. साहित्यातल्या बातमीचंच दळवींनी साहित्य केलं. पण ते ज्यांची टोपी उडवत त्यांची पुस्तकं त्यांनी वाचलेली असत, आणि हसणाऱ्या वाचकानेही त्यातली बरीच वाचलेली असत. म्हणून तर विनोद लागू पडे. कवीचा विक्षिप्तपणा त्याची कविता ठाऊक असणाऱ्यालाच गमतीचा वाटतो. इतरांना तो नुसता शेजारचा त्रासदायक इसम वाटतो. बातमी रंगते ती वाचलेल्या माणसाला. न वाचलेल्यासाठी ती फक्त नावांची यादी असते, आणि यादी पाठ करायला ती काही रामरक्षा नव्हे.

उलट बाजूचं उदाहरण ‘हिंदू’चं. १९६३ च्या ‘कोसला’नंतर नेमाड्यांच्या या महाकादंबरीची वाट मराठी वाचकाने काही दशकं पाहिली. २०१० साली ती आली, आणि ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ या शीर्षकावर वादळ उठलं. ‘अडगळ’ शब्दाने दुखावलेले अनेक जण आतल्या शेकडो पानांकडे फिरकलेच नाहीत. एवढ्या जाडजूड पुस्तकाचा निकाल मुखपृष्ठावर लावता येतो, हा वेळेच्या बचतीचा विक्रमच म्हणायचा.

अद्ययावतरावांना हसताना एक हिशेब मात्र विसरू नये. आठवड्याला एक पुस्तक वाचणारा माणूस चाळीस वर्षांत दोन हजारांच्या आसपास पुस्तकं वाचतो. तेवढी तर अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानात दर्शनी भागातच असतील. सगळं वाचणं कुणालाच शक्य नाही, आणि सगळ्याची खबर ठेवली की सगळं वाचल्यासारखं वाटतं. ते वाटणंच मोहाचं आहे. पुस्तक वाचल्यावर माणसाला बोलायला निदान दोन दिवस लागतात. बातमी वाचल्यावर दोन मिनिटं पुरतात. चर्चेचा वेग बातमीच्या बाजूचा आहे, म्हणून वाचणारा माणूस गटावर नेहमी गप्प सापडतो. वहिनी कुठल्याच गटात नाहीत, याचं कारण त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, ‘‘दुपारी वेळ कुठे असतो? तेव्हा मी वाचत असते.’’

म्हणून साहित्यप्रेमी मंडळींना एक विनंती. यंदाच्या पुरस्कारांचं मत यंदाच द्यायला हवं असा काही नियम नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांचं आपण मनापासून अभिनंदन केलं, त्यांतलं एक पुस्तक जवळच्या ग्रंथालयातून आणा. पुरस्काराची गर्दी ओसरलेली असल्यामुळे ते बहुधा लगेच मिळेल. ते शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि मगच ‘संपादनाची गरज होती’ असं म्हणा. मत दोन वर्षं उशिरा येईल. पण मराठीत वाचून दिलेलं मत इतकं दुर्मीळ झालंय की ते तेव्हाही ताजंच ठरेल.